बाजाराच्या दिवशी जाणारी पत्रे

दिवाळीला माणसे आपल्या गावी जातात. मी वहिनींच्या गावी जातो. खरे तर ते माझेही गाव. पण वडीलभाऊ गेल्यापासून त्या घरावर हक्क सांगावा तो वहिनींनीच, अशी माझी मनोमन समजूत झालेली आहे.

गाव इस्लापूर. नांदेडहून मुदखेडमार्गे आदिलाबादकडे जाणारी गाडी धरायची. भोकर मागे पडले, हिमायतनगर मागे पडले, सहस्रकुंड नावाचे लहानसे स्टेशन गेले, की आमचे गाव. पुष्कळांना हे नाव ‘इसापूर’ असे ऐकू येते आणि ते विचारतात, “म्हणजे धरणाचे ना?” ते नव्हे. ते धरण पैनगंगेच्याच वरच्या अंगाला आहे. आमच्या गावाजवळ धरण नाही, धबधबा आहे: सहस्रकुंड. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ, आणि मध्ये काळ्या कातळावरून उडी घेणारे पाणी. लहानपणी आम्हांला एका गोष्टीचे मोठे नवल वाटे. इथे आकाश निरभ्र, ऊन रखरखते, आणि धबधबा मात्र गढूळ होऊन गर्जत असायचा. वडील सांगत, “वर कुठं तरी पाऊस झालाय. त्याचं पाणी आत्ता आलं.” पाऊस एका दिवसाचा, पाणी दुसऱ्या दिवसाचे. ह्या लेखाचा सारा विषय त्या एका वाक्यात आलेला आहे. पण तो कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आवराआवर चालली होती. माळ्यावरून एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. पुतण्याच्या मुलीने झाकण उघडले. ती नांदेडला गणितात एम.एस्सी. करते. आत सहा आंतरदेशीय पत्रे निघाली. साऱ्यांवर माझा मुंबईचा जुना पत्ता, अक्षर माझ्या भावाचे, कडा व्यवस्थित चिकटवलेल्या. आणि एकाही पत्रावर टपालाचा शिक्का नाही.

“आजी, ही टाकायची राहिली काय गं?” पोरीने विचारले.

वहिनी करंज्यांना मुरड घालीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “राहिली नाहीत. ठेवली.”

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ही पत्रे कोणत्या वर्षाची ते मी अक्षरावरूनच ओळखले होते. १९७३ सालची.

ते वर्ष मराठवाड्यात ज्यांनी काढले, त्यांना त्याविषयी काही सांगायला नको. १९७२चा पाऊस गेला, विहिरींनी तळ दाखवला, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. मी तेव्हा मुंबईत नुकताच नोकरीला लागलो होतो. भावाने पत्र लिहिले: बैल जगवायचे तर ओढ्याकाठचे तीन एकर विकावे लागतील, तुझी सही हवी. ते तीन एकर म्हणजे वडिलांनी हाताने दगड वेचून केलेले रान. मी तिरीमिरीत उत्तर लिहिले, “विकायचे नाही.”

आता हे पत्र भावाच्या हाती पडायचे कसे? तो राहायचा शेतावर. गावात यायचा तो आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. प्रवासाचे दिवस आणि बाजाराची वाट मिळून एका पत्राला दहा दिवस सहज लागत. माझे पत्र वाचून तो भडकला आणि तिथेच बसून त्याने लिहिले, की नळाखाली अंघोळ करणाऱ्याने दुष्काळातल्याला शहाणपण शिकवू नये. पुढच्या बाजारापर्यंत त्याचा राग निवला. त्याने दुसरे पत्र टाकले, “रागात लिहिले, मनावर घेऊ नकोस.” पण मला आधी पहिले मिळाले. मी त्याहून तिखट उत्तर धाडले. मग त्याचे दुसरे पत्र आले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली आणि गोड पत्र लिहिले. तिकडे भावाच्या हाती आधी पडले ते माझे तिखट पत्र. त्याला वाटले, मी क्षमा मागितली, तिचे हे उत्तर! त्याने ‘आजपासून तू मला मेलास’ अशा अर्थाचे काही तरी लिहिले. ते माझ्याकडे आले तेव्हा मी माझ्या गोड पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसलो होतो.

असे चार-पाच महिने चालले. दोघांचेही मन साफ, दोघांचाही एकमेकांवर जीव; आणि तरी प्रत्येक फेरीला भांडण आधीच्याहून मोठे. जो तो उत्तर देत होता ते समोरच्याच्या आजच्या मनाला नव्हे, तर दहा दिवसांपूर्वीच्या मनाला.

पुढे पाऊस पडला, आणि भावाची पत्रे हळूहळू शांत होत गेली. मी समजलो, पावसाने राग विझवला. पन्नास वर्षे मी तसेच समजत होतो.

पोरीने सारे ऐकून घेतले आणि आपली वही आणली. “आजोबा, हे तर आम्हांला आहे!”

“काय आहे? माझे भांडण?”

“भांडण नाही. उशीर.”

आणि मग तिने मला एक हिशेब घातला. तो मी दिव्याशी बसून स्वतः केला. वाचकांनीही करून पाहावा, कागद आणि पेन्सिल पुरे.

एक कुरण घ्या. त्यावर शंभर हरणे सुखाने चरू शकतात. आज पन्नास आहेत. नियम असा, की कुरण जितके रिकामे तितकी वाढ. पन्नास म्हणजे अर्धे रिकामे. म्हणून पन्नासाच्या निम्मी, पंचवीस वाढली. झाली ७५. आता पाव रिकामे; पंचाहत्तराच्या पावपट वाढ, म्हणजे जवळजवळ ९४. त्यानंतर ९९.६, आणि मग १००. तिथे गाडी थांबली. किती शहाणी हरणे! बेल्जियममधल्या व्हेरहुल्स्ट नावाच्या गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीचे जे समीकरण मांडले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

“आता एकच बदल करा,” पोरगी म्हणाली. “हरणांनी यंदाचं कुरण पाहायचं नाही. गेल्या वर्षीचं पाहायचं. कारण यंदा ओरबाडलेल्या गवताचा तुटवडा जाणवतो तो पुढल्या वर्षी.”

गेल्या वर्षी ५०, यंदाही ५०. पुढे ७५. आता हरणे ७५ आहेत; पण निरोप आहे ५० चा, म्हणजे ‘कुरण अर्धे रिकामे’. म्हणून वाढ निम्म्याने: ११३. शंभराची वेस ओलांडली. तरी हाती निरोप ७५ चा, ‘अजून पाव जागा आहे’. म्हणून १४१. आता कुठे ११३ चा निरोप आला. थोडी घट होऊन १२३. मग १४१ चा निरोप, हाहाकार, एकदम ७३. खरे तर आता पुष्कळ जागा मोकळी आहे. पण निरोप आहे १२३ चा! म्हणून आणखी घट, ५६. कुरण जवळजवळ अर्धे ओस आणि हरणे मरतातच आहेत. मग ७१, १०३, १३२... आणि पुन्हा तोच फेरा.

मी पेन्सिल खाली ठेवली. हरणे तीच, कुरण तेच, नियम तोच. फक्त निरोप एक वर्ष उशिरा.

हा विचार समीकरणात प्रथम नीट मांडणाऱ्यांत जी. ई. हचिन्सन ह्यांचे नाव घेतात. जन्माने इंग्रज, अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवीत. मूळ अभ्यास तळ्यांतल्या जीवसृष्टीचा. आपल्याला जवळचे म्हणजे १९३२ साली ते लडाखची तळी पाहायला आले होते आणि पुढे गोवा व लडाख ह्यांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. १९४८ साली, म्हणजे आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याच वर्षी, त्यांनी व्हेरहुल्स्टच्या समीकरणात हा विलंब घातला. आजच्या वाढीला लगाम घालायचा तो आजच्या संख्येने नव्हे, तर काही काळापूर्वीच्या संख्येने.

हा केवळ कागदावरचा खेळ नव्हे. ऑस्ट्रेलियात ए. जे. निकल्सन नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मेंढ्यांना छळणाऱ्या माश्या पिंजऱ्यात पाळल्या. अळ्यांना हवे तितके खाणे. मोठ्या माश्यांना साखर-पाणी भरपूर, पण अंडी घालण्यासाठी लागणारे काळीज मात्र रोज ठरावीक आणि थोडे. माश्या फार झाल्या की काळीज कोणालाच पुरेसे मिळेना, अंडी बंद. जुन्या माश्या मरत गेल्या. उरलेल्या थोड्यांना पोटभर मिळाले आणि त्यांनी अंड्यांचा सुकाळ केला. पण त्या अंड्यांच्या माश्या व्हायला दोन आठवडे. त्या झुंडीने बाहेर येईपर्यंत खबर कोणाला? पिंजऱ्यातली संख्या काही शेकड्यांवरून हजारोंवर आणि हजारोंवरून पुन्हा शेकड्यांवर, सुमारे अडतीस दिवसांच्या फेऱ्याने, वर्षभर झोके घेत राहिली. खाणे रोज सारखेच होते. रोगराई नव्हती, थंडीवारा नव्हता. झोका आला तो निरोपाच्या उशिरातून. पुढे रॉबर्ट मे ह्यांनी हचिन्सनचे समीकरण ह्या माश्यांना लावून पाहिले, तर फेऱ्याचा काळ बराचसा जमला. आणि १९८० साली गर्नी, ब्लाइथ व निस्बेट ह्यांनी उशीर नेमका कुठे होतो, म्हणजे अंड्यापासून माशी होण्यात, हे धरून समीकरण आणखी दुरुस्त केले.

“माश्यांचं राहू दे,” पुतण्या म्हणाला. तो इतका वेळ दाराशी उभा राहून ऐकत होता. “तुरीचं सांग.”

तुरीचे आम्हां मराठवाड्याच्या माणसांना सांगावे लागत नाही. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने दगा दिला. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांत तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. तुम्ही-आम्ही वरण पातळ केले. तो भाव शेतकऱ्याने पाहिला. पण पाहून तो करणार काय? पेरा व्हायचा जूनमध्ये, तूर घरात यायची त्यापुढच्या डिसेंबर-जानेवारीत. २०१६ च्या जूनमध्ये ज्याने त्याने तूर पेरली. लातूरला त्याच उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावे लागले होते; पण पुढे पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षी देशात तूर झाली होती सुमारे २५ लाख टन. ती झाली ४८ लाख टनांच्या घरात. आणि ज्या लातूरच्या डाळ-गिरण्या देशाला डाळ पुरवतात, त्या लातूरच्या बाजारात भाव ५,०५० रुपयांच्या हमीदराच्या खाली घसरला. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. पावसाचा हात त्यात होताच; पण प्रत्येक शेतकऱ्याने उत्तर दिले होते ते येत्या वर्षाच्या बाजाराला नव्हे, सरल्या वर्षाच्या भावाला. तोही माझ्यासारखाच उशिरा आलेले पत्र वाचून लिहायला बसला होता.

माणसांच्या संख्येचेही तेच. र. धों. कर्वे ह्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. सरकारी कुटुंबनियोजन सुरू झाले १९५२ साली. आज महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुले दोनांहून कमी आहेत. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ निघाला. म्हणून लोकसंख्या लगेच घटू लागेल काय? नाही. काल जन्मलेल्या पुष्कळ मुली आज आया होत आहेत. प्रत्येकीला मुले थोडी असली तरी आया फार. पाळण्यातल्या बदलाची खबर शिरगणतीला कळायला एक पिढी जाते. चीनने ही वाट न पाहता १९८० च्या सुमारास एकाच मुलाचा कडक कायदा केला, आणि तो सोडला २०१६ साली. २०२२ पासून तिथली संख्या घटू लागली आहे, आणि आता तेच सरकार लोकांना मुले होऊ द्या म्हणून विनवते आहे. मुले कमी होण्याला शिक्षण, शहरे अशी इतरही कारणे आहेत. पण पंचवीस वर्षांच्या उशिराचा निरोप आणि वर हिसका भारी, हेही त्यातले एक आहेच.

“मग उपाय काय?” मी पोरीला विचारले. “उशीर तर टळत नाही. तूर सहा महिन्यांतच येणार, मूल वीस वर्षांनीच मोठं होणार.”

तिने वहीचे पान उलटले. “उशीर एकटा गुन्हेगार नाही, आजोबा. वाढीचा वेग आणि उशीर ह्यांचा गुणाकार बघायचा.” हचिन्सनच्या समीकरणात हा गुणाकार १.५७ च्या आत असेल तर झोके हळूहळू शमतात. त्याबाहेर गेला तर शमत नाहीत. तो ०.३७ च्याही आत असेल तर झोका मुळी येतच नाही. तिने मला मघाचीच हरणे पुन्हा मांडायला सांगितली. निरोप तसाच एक वर्ष उशिराचा, फक्त वाढ-घट चौथ्या हिश्श्याने. मी मांडली: ५०, ५६, ६३, ७०, ७७, ८२, ८७, ९१, ९४... सावकाश, पण वेस न ओलांडता, शंभराकडे.

“म्हणजे निरोप उशिरा येत असेल तर हिसका कमी द्यावा,” मी म्हणालो.

“हं,” वहिनी करंजी तळणीत सोडीत म्हणाल्या. “एवढं कळायला हरणं कशाला लागतात?”

आणि मग त्यांनी त्या डब्याची हकीकत सांगितली. भावाने रागात पत्र लिहिले, की त्या म्हणत, “द्या, बाजाराला मीच चाललेय, टाकते.” पत्र पिशवीत घालून न्यायच्या आणि तसेच परत आणायच्या. पुढच्या बाजारी भाऊ विचारी, “टाकलं का?” त्या म्हणत, “राहिलंच की.” तो क्षणभर गप्प बसे, आणि म्हणे, “बरं झालं. दुसरं लिहितो.” असे सहा वेळा झाले.

“भावजी, तुमच्या भावाचा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं. जाळ मागं ओढला की बसतंय खाली.”

मला एक शंका आली. “पण मग वहिनींनी उशीर वाढवलाच की! दहा दिवसांचे सतरा केले. तुझ्या गणिताप्रमाणे भांडण वाढायला हवे होते.”

पोरगी हसली. “उशीर पावणेदोनपटसुद्धा झाला नाही; आणि पत्राचा तिखटपणा किती उरला?”

“पाव असेल नसेल.”

“करा गुणाकार.”

मी केला. अर्ध्याहूनही कमी आला. एम.एस्सी. सोडाच, चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेल्या बाईने पन्नास वर्षांपूर्वी हा गुणाकार करून आमचे घर सावरले होते, आणि श्रेय मी पावसाला देत आलो होतो.

इथे लेख संपवता आला असता. पण खरी परीक्षा त्याच रात्री झाली. जेवणे झाल्यावर पुतण्या माझ्याशेजारी येऊन बसला. शेजारच्या एका शेतकऱ्याला हळदीत चांगले पैसे मिळाले होते. येत्या हंगामात ओढ्याकाठच्या तिन्ही एकरांत हळद करायची, त्यासाठी कर्ज काढायचे. सात-बारावर माझेही नाव आहे, म्हणून काकांची सही हवी.

तेच तीन एकर. तीच सही. हळद म्हणजे नऊ महिन्यांचे पीक, आणि भाव पाहिलेला सरल्या वर्षीचा. ‘नाही’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. १९७३ साली आला होता तसाच, गरम. मी वहिनींकडे पाहिले. त्या पानाला चुना लावीत होत्या आणि माझ्याकडे मुळीच पाहत नव्हत्या.

मी म्हणालो, “बाजारापर्यंत थांबू.”

पुतण्याचा चेहरा उतरला. पण तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. बाजाराच्या आदल्या रात्री तो आणि त्याची मुलगी उशिरापर्यंत कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली आकडे मांडीत होती. सकाळी तो आपणहून म्हणाला, “काका, एका एकरात करून बघतो. दोनात कापूस-तूर राहू दे. कर्जही मग थोडं लागेल.” मी सही केली. मी ‘नाही’ म्हटले असते तर त्याने इरेला पेटून तिन्ही एकर लावले असते, ह्याबद्दल मला शंका नाही. तो माझ्या भावाचा मुलगा आहे.

हे लिहीत असताना ती हळद रानात उभी आहे. भाव काय येईल ते कळायला अजून अवकाश आहे. चढा आला तर पुतण्या वर्षभर मला ऐकवील, की तीन एकर लावायला हवे होते. ऐकून घेईन.

निघायच्या दिवशी मी तो डबा मागितला. सहाही पत्रे माझ्याच नावाची होती. भावाचे अक्षर मला पुन्हा वाचायचे होते. वहिनींनी डबा दिला नाही. झाकण घट्ट लावून तो त्यांनी पुन्हा माळ्यावर ठेवायला लावला.

“नका वाचू, भावजी,” त्या म्हणाल्या. “तुम्हांला मी ओळखते. वाचाल, आणि उत्तर लिहायला बसाल.”